आजोबांची येझदी मातीत उतरवायची असेल, तर आधी हळू चालवायला शिक

ओझरच्या एका मुलाने विचारलंय: “काका, माझे आजोबा एचएएलमध्ये होते. त्यांची १९७९ ची येझदी २५० आमच्या पडवीत २००९ पासून उभी आहे. आजोबा गेले, गाडी आता माझ्याकडे आली. मला ती कॉलेज रोडवर मिरवायची नाही, मातीत आणि डोंगराकडच्या वाटांवर चालवायची आहे. वय २६, रोज ११० सीसीची गाडी चालवतो, कच्च्या वाटेचा अनुभव नाही. सुरुवात कुठून करू? इतकी जुनी गाडी त्यासाठी काढणं चूक तर नाही ना?”

चूक मुळीच नाही. गेली ३२ वर्षं मी नाशकात जुन्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या, गाड्या उघडतोय आणि बांधतोय, आणि त्यातली बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी त्याच गाड्या शिवारातून फिरवतोय. त्या अनुभवावर सांगतो, ही गाडी कच्च्या वाटेला परकी नाही. तुझी येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये उत्पादन सुरू केलं ते चेक बनावटीवर. त्या चेक लोकांनी कच्च्या वाटांवरच्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये कितीतरी वेळा मुख्य करंडक नेला. १९४८ च्या त्याच स्पर्धेत बुलेटवाल्यांनीही सुवर्णपदकं मिळवली होती. आपल्याकडे सत्तरच्या दशकात गावाकडे जाणारा रस्ता म्हणजे मुरूम आणि धुरळाच. ग्रामसेवक, मास्तर, दूधवाले, डॉक्टर याच गाड्यांवर त्या रस्त्यांनी रोज जायचे. फरक एवढाच की ते लोक हळू जायचे.

माझ्या दृष्टीने या उत्तरातला सगळा मुद्दा इथेच आहे. हल्लीच्या उंच, लांब शॉकअपच्या गाड्यांचे व्हिडिओ बघून मुलं जुनी गाडी काढतात आणि त्याच वेगाने दगडावर घालतात. महिन्याभरात फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, वाकतो, नाहीतर फ्रेमला तडा जातो, आणि गाडी पुन्हा पडवीत. येझदीचा फोर्क फार थोडा दबतो, ड्रम ब्रेक मऊ आहेत, पोट जमिनीला जवळ आहे. पण तिचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनातलं फिरतं चाक, जड आहे आणि कमी आरपीएमला ती बैलासारखी ओढते. पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने ती दगडधोंड्यातून जाऊ शकते. त्या वेगात तिला काही इजा होत नाही आणि तुलाही होत नाही. तेव्हा तुला शिकायचंय ते हळू चालवणं. वेगाने कोणीही चालवतो.

आता गाडीकडे येऊ. इतकी वर्षं उभी असलेल्या इंजिनाला घाईघाईने किक मारू नकोस. आधी प्लग काढ, भोकातून चहाचे दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल आत सोड आणि दोन दिवस तसंच राहू दे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हलकेच पुढेमागे कर. इंजिन सुटं फिरलं तरच किकचा विचार. अडलं तर जोर लावायचा नाही, हेड उघडायचं.

फिरलं तरी क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याची, दोन्ही ऑइल सील बदलल्याशिवाय गाडी चालवायची नाही, ही माझी अट समज. रबर इतकी वर्षं कोरडं पडलं की दगड होतं. उजवीकडचं सील गेलं की डायनॅमोच्या बाजूने इंजिन हवा ओढतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि चढावर चिकटतो. डावीकडचं गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. धूर दिसतो म्हणून लोक डावीकडचं सील बदलतात. उजवीकडचं गेलेलं दिसत नाही, आणि इंजिन मारतं तेच. केस उघडलीच आहे तर बेअरिंगं बघ, कनेक्टिंग रॉडची ढिलाई बघ. बोअरला, म्हणजे पिस्टन सरकतो त्या नळीला, रेघा असतील तर ओव्हरसाइझ पिस्टन टाकून बोअर करून घ्यावा लागेल. या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत लेथवर बसणारे इतके कसलेले हात आहेत की स्विंगआर्मचे बुश, स्पेसर, फूटरेस्टचे पिन, जे बाजारात मिळत नाही ते मापाने बनवून मिळतं. फक्त जुना नमुना सोबत ने, तोंडी माप सांगू नकोस.

टाकीत गंज असणारच. ती नीट साफ होईपर्यंत दुसऱ्या बाटलीतून पेट्रोल दे. पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरची गॅस्केटं, नळाचे वॉशर हे सगळं नवं घाल. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल धरतं, जुन्या नळ्या फुगवतं आणि टाकीतला चिकटलेला मळ सोडवून कार्बोरेटरकडे पाठवतं. म्हणून गाडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेव, मग बंद कर.

ऑइलबद्दल जरा थांबून सांगतो, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठं नुकसान इथे झालंय. जुन्या येझदीला लिटरभर पेट्रोलमध्ये ४० मिली ऑइल हे प्रमाण मी आजही पाळतो. पण प्रमाणाइतकंच महत्त्वाचं आहे ते ढवळणं. बऱ्याच वर्षांपूर्वी गिरणाऱ्याहून वाघेऱ्याकडे निघालो होतो. पंपावर तीन लिटर पेट्रोल भरलं, वरून मापाने ऑइल ओतलं, टाकीचं झाकण लावलं आणि निघालो. गाडी हलवली नाही. ऑइल जड, ते तळाशी बसलं आणि नळातून आधी तेच उतरलं. पहिले काही किलोमीटर मागे नुसता धूर. मग धूर थांबला, इंजिन मस्त हलकं वाटायला लागलं आणि मला बरं वाटलं. खरं तर तेव्हा वरचं बिनऑइलचं पेट्रोल चालू झालं होतं. कच्च्या चढावर इंजिनाचा आवाज आवळल्यासारखा झाला, कोणीतरी हळूहळू ब्रेक दाबतंय असं वाटलं, मग एक बारीक किंचाळी आणि मागचं चाक जाम. क्लच दाबायला उशीर झाला आणि मी गाडीसकट आडवा झालो. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला अ‍ॅल्युमिनिअम ओघळून बोअरला चिकटलं होतं.

तो आवळलेला आवाज कानात बसवून ठेव. तो आला की पहिलं काम क्लच दाबणं, विचार नंतर. मग गाडी सावलीत उभी कर, अर्धा तास हात लावू नकोस, वरून पाणी तर अजिबात ओतू नकोस. थंड झाल्यावर किकने फिरली तर ऑइल वाढवून हळू घरी ये. आणि मिश्रण नेहमी वेगळ्या कॅनमध्ये कर, झाकण लावून चांगलं हलव, मग टाकीत ओत.

याच कारणाने टू-स्ट्रोकवर लांब उतार उतरण्याची एक खास पद्धत आहे. इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांबलचक उतार उतरलास तर चाक इंजिनाला जोरात फिरवत राहतं, पण आत ऑइल जवळजवळ जात नाही. म्हणून दर थोड्या अंतराने क्लच दाबून एक हलकी रेस मारायची. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक तसाही कमीच लागतो, त्यामुळे उतारावर भरवसा ड्रमवर. ड्रम तापले की पकड जाते. उतार मोठा असेल तर मध्ये थांब, ड्रमजवळ हात नेऊन बघ, धग लागत असेल तर पाणी पी आणि निवांत बस.

इग्निशन. तुझ्या गाडीत सहा व्होल्टची बॅटरी, कॉइल आणि पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारी छोटी जोडी) असतील. बॅटरी मेली की ठिणगी मेली, म्हणून बॅटरी नवी घे आणि डायनॅमो चार्ज करतोय का ते तपासून घे. पॉइंटची फट साधारण ०.४ मिमी. फिलर गेज बारीक ओढ देत सरकला पाहिजे, मोकळा नको आणि अडायलाही नको. हे काम घरी, दिवसा, खाली चादर अंथरून दहा वेळा कर. कारण एखाद्या संध्याकाळी ओहोळाच्या काठावर मोबाईलच्या उजेडात तुला तेच करायचंय, आणि तेव्हा तो छोटा स्क्रू गवतात पडला की सापडत नाही. मी पॉइंटच्या स्क्रूला हात लावण्याआधी खाली रुमाल धरतो. ही सवय लागली ती असाच एक स्क्रू हरसूलजवळच्या नागलीच्या शेतात गेल्यावर.

ऑफ-रोडसाठी बदल किती करायचे, असंही तुझ्या मनात असेल. फार थोडे. फ्रेम कापायची नाही, मडगार्ड कापायचं नाही. या गाड्या आता नव्याने बनत नाहीत, कापलेला पत्रा परत येत नाही. हँडल दोन इंच उंच आणि जरा रुंद असलेलं लाव, उभं राहून चालवताना पाठ वाकत नाही. फूटरेस्टचं रबर ओल्या बुटाखाली साबणासारखं होतं, त्याजागी दातेरी पट्टी बसव. पुढचं स्प्रॉकेट एक दाताने लहान मिळालं तर घाल, पहिला गिअर आणखी हळू होईल. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प इतपतच आवळ की गाडी पडली तर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. आरसे आणि इंडिकेटर माती लागली की काढून ठेव, डांबर लागलं की परत लाव. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून एका गोणीत ठेव. टायर खोल नक्षीचे, रिमच्या मापाचे. आणि सायलेन्सरमधली जाळी काढून टाकायची कल्पना कोणी दिली तर ऐकू नकोस. ताकद वाढत नाही, मिश्रण बिघडतं आणि गावातली बैलं बिथरतात.

आरे तपासायची जुनी रीत सांगतो. चाक अधांतरी धर आणि छोट्या पान्याने एकेका आऱ्यावर टिचकी मार. ताणलेला आरा टण् वाजतो, सैल आरा ठप्प करतो. ठप्प करणाऱ्याला खडूची खूण. दर फेरीनंतर हे कर, पाच मिनिटं लागतात. आपल्या खडकाळ वाटांवर सैल आरा शेजारच्या दोघांना घेऊन तुटतो. नटबोल्टांवरही लक्ष ठेव. घट्ट केल्यावर नटावरून फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढ, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, पण हे टाळू नकोस. आजोबांच्या नावावरची गाडी वारस म्हणून तुझ्या नावे करायला फॉर्म ३१ लागतो. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्याला फॉर्म २५. तुझं नूतनीकरण नक्कीच थकलं असणार, त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागेल. त्याबरोबर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. आणखी एक. २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. तुझी गाडी २०२९ मध्ये पन्नाशी गाठेल आणि कोणीतरी तुला ती प्लेट घ्यायला सांगेल. ती नोंदणी प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कामांसाठी आहे, त्या गाड्या रोजच्या वापराला रस्त्यावर चालत नाहीत. तुला गाडी चालवायची आहे, तेव्हा साधी नोंदणीच चालू ठेव.

आता खरं शिकणं. पहिले दोन महिने कुठेही जायचं नाही. ओझरच्या आसपास एखादं मोकळं माळरान किंवा कोणाचं पडीक रान मालकाला विचारून मिळव. तिथे मी सगळ्यांना एकच खेळ लावतो. एक मित्र शेजारून नेहमीच्या चालीने ५० पावलं चालतो. तू गाडीवर, पहिल्या गिअरमध्ये. त्याच्या पुढे जायचं नाही, पाय जमिनीला लावायचा नाही. पहिल्या दिवशी दहा पावलांत पाय टेकतो. मग लक्षात येतं की रेस जवळजवळ स्थिर ठेवायची असते, खेळ चालतो तो क्लचच्या दोन बोटांत आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबात. ५० पावलं जमली की मित्राला आणखी हळू चालायला सांग. मग दोन दगडांभोवती आठचा आकडा काढ. येझदीच्या क्लचप्लेटला बूच असतं, ते तापतं, म्हणून दर दहा मिनिटांनी गाडीला विश्रांती दे.

इथे तुझ्या गाडीची एक खोड माहीत असायला हवी. या जुन्या जावा-येझदीत गिअरची दांडी पायाने दाबली की आतून क्लचही दाबला जातो. रस्त्यावर ती सोय आहे. पण चढावर खड्ड्यात आदळून पाय नकळत दांडीवर टेकला की क्लच दाबला जातो, ओढ जाते आणि गाडी मागे सरकायला लागते. आपण समजतो इंजिन कमी पडलं. म्हणून पाय दांडीपासून मागे, फूटरेस्टवर तळव्याच्या पुढच्या भागाने. गिअर बदलून झाला की पाय लगेच मागे. आणि हीच दांडी आत ढकलून वर फिरवली की तिची किक होते, हे तुझ्या अंगवळणी पडेपर्यंत घरीच सराव कर. चढावर घाबरलेल्या अवस्थेत ती दांडी शोधणं कठीण जातं.

मग उभं राहणं. खडबडीत वाटेवर सीटवर बसलास तर प्रत्येक दगड पाठीच्या कण्याला लागतो आणि गाडीचं वजन वर राहतं. फूटरेस्टवर उभा राहिलास, गुडघ्यांनी टाकी धरलीस, कोपरं बाहेर काढलीस की गाडी तुझ्याखाली हवी तशी डुलते आणि तू जागेवर राहतोस. हँडल घट्ट धरायचं नाही. हातात चिमणी धरलीय इतपतच पकड. नजर दहा-पंधरा हात पुढे. चाकापुढच्या दगडाकडे बघत राहिलास तर चाक त्याच दगडावर जातं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की नव्या मुलाची मान बघून तो कुठे पडणार ते कळतं.

चढ चढताना अंग पुढे, गिअर खालीच ठरवून घ्यायचा, चढाच्या मध्यावर बदलायचा नाही. आणि चढ जमला नाही तर काय करायचं ते चढायच्या आधी शिकायचं. सरावासाठी मुद्दाम अर्ध्या चढावर इंजिन बंद कर. गाडी पहिल्या गिअरमध्येच राहू दे, क्लच पूर्ण सोड. बंद इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवतं. ड्रमच्या पुढच्या ब्रेकवर एकट्यावर गाडी चढावर थांबत नाही, गिअरमध्ये थांबते. मग गाडी डोंगराच्या बाजूला किंचित कलवून पाय टेक. पुढचा ब्रेक धर, क्लच इंचाइंचाने दाबत गाडी मागे सरकू दे, क्लच सोडून थांब, पुन्हा सरकू दे. असं आडवं वळण घेत खाली ये. गाडी हातातून सुटलीच तर सोडून दे आणि डोंगराच्या बाजूला हो. १४० किलोच्या आसपासची गाडी उतारावर धरून ठेवायला जाऊ नकोस. टाकीला पोचा आला तर काढता येतो.

पाणी ओलांडायचं असेल तर आधी चालत जा. बुटाने तळ बघ: वाळू, गोटे की गाळ. घोट्याच्या वर पाणी असेल तर तुझ्या गाडीने जाऊ नकोस, सायलेन्सर आणि उजव्या कव्हराखालचे पॉइंट दोन्ही खालीच आहेत. ओलांडलं की ब्रेक हलके दाबून धरत पन्नास-शंभर फूट चाल, ड्रम वाळतात. पाण्यात गाडी बंद पडली तर किक मारायची नाही. ढकलून बाहेर काढ, प्लग काढ, मग किक मारून आतलं पाणी उडव.

टायरमधली हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवतात, त्यात फार लोभ नको. मी या वजनाला पुढे-मागे १८ ते २० पीएसआय ठेवतो. त्याहून कमी केलीस तर ट्यूब रिमवर सरकते आणि वॉल्व्ह मुळापासून फाटतो, किंवा दगडावर ट्यूब चिमटली जाऊन साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. वॉल्व्ह तिरका दिसायला लागला की ट्यूब सरकली समज. घरी येताना डांबरावर चढण्याआधी हातपंपाने हवा भर.

कुठे जायचं? दिवाळीनंतर सिन्नरच्या पूर्वेकडे जा. तिकडे पाऊस कमी, जमीन मुरमाड, वाटा रुंद, नजर लांब जाते. त्यानंतर दिंडोरी-पेठकडच्या गाडीवाटा, तिथे चढउतार आहेत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाच्या पट्ट्यात काळी माती आहे. ती कोरडी असेल तर ठीक, पण एक सर पडली की मडगार्डखाली माती बसून चाकच फिरेनासं होतं. मी तासभर काडीने ती माती उकरत बसलोय. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पावसाळ्यात तिकडच्या शेवाळलेल्या कातळावर पहिल्या वर्षी जायचंच नाही.

कुठे जायचं नाही तेही सांगतो, आणि याबाबतीत मी कडक आहे. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय गाडी घालायची नाही. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिला अंजनेरीचंच नाव मिळालंय. वीतभर उंचीचं ते रोप पठारावरच्या चार बोटं मातीत उगवतं. एका चाकाची एक घसर तिथे पुरे. तिथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. किल्ल्यांच्या वाटा, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची वाट, देवराया, भातखाचरांचे बांध, इथे चाक न्यायचं नाही. आधीपासून बैलगाडी, ट्रॅक्टर, दुचाकी जाते तीच आपली वाट. नवी वाट पाडायची नाही.

आणि वाट शेतातून जात असेल तर विचारायचं. इंजिन बंद करून, हेल्मेट काढून. मागे दिंडोरीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, “राम राम बाबा, ही वाट पुढच्या वस्तीला निघते का?” ते म्हणाले, “निघती की. पण ठिबकच्या नळ्या आडव्या हायेत, उचलून घ्या, त्यावरून जाऊ नका.” आम्ही उतरलो, दोघांनी नळी डोक्यावर उचलून धरली, गाड्या खालून ढकलत नेल्या. पुढच्या वेळी त्यांनीच आम्हाला लांबून हात केला आणि चहाला थांबवलं. उन्हात नळी मऊ झालेली असते, चाकाखाली जोड निसटतो आणि ते कळेपर्यंत ओळीच्या ओळी सुकतात. अशी एक चूक झाली की ती वाट सगळ्यांनाच बंद होते.

एकटा जाऊ नकोस. तिघं हवेत: एक पडला तर एक त्याच्याजवळ थांबतो, एक मदत आणायला जातो. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडे बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून निघताना घरी वाट आणि परतायची वेळ सांगून जा. १०८ ला फोन करायलाही आधी रेंजमध्ये यावं लागतं. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे जाड बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड, हातमोजे. यात पैसे वाचवायचे नाहीत, आधी हे घे आणि मग गाडीचा क्रोम कर.

सोबतच्या पिशवीत: दोन प्लग आणि प्लगपाना, कंडेन्सर, पॉइंटसाठी बारीक पॉलिश पेपर, फिलर गेज, चेनची कडी, ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप, बाइंडिंग वायर, एम-सील, मापाच्या बाटलीत ऑइल, सुती कापड, दोन लिटर पाणी. क्लचची जादा केबल पिशवीत ठेवू नकोस. ती चालू केबलच्या शेजारीच अंथर, दोन्ही टोकांना ग्रीस लावून टेपने बांधून ठेव. एक तुटली की टाकी न काढता फक्त टोकं बदलायची. दहा मिनिटांत निघतोस.

पहिली खरी फेरी २०-२५ किलोमीटरची ठेव, त्यातली निम्मी डांबराची. सकाळी सातला निघ, अकराच्या आत घरी ये. दमायच्या आधी थांबायचं, कारण पडणं जास्त करून दमल्यावर होतं. घरी आल्यावर गाडी गार होऊ दे, बादलीच्या पाण्याने धू. जोराचा फवारा हबवर आणि कोनसेटवर (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगवर) मारू नकोस, ग्रीस निघून जातं. मग आरे वाजव, नेलपॉलिशच्या रेघा बघ आणि शेवटी प्लग काढ. त्याच्या टोकाच्या चिनीमातीचा रंग दुधाच्या चहासारखा असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण जमलंय. पांढराफटक असेल तर गाडी पुन्हा बाहेर काढू नकोस, कुठून तरी हवा ओढतेय, उजव्या सीलपासून शोध सुरू कर. काळा आणि ओला असेल तर घाई नाही, तो प्लग दिवसाच्या उजेडात कागदावर ठेव, फोटो काढून पाठव, सोबत किती किलोमीटर चालवलीस आणि किती ऑइल घातलंस तेही लिही. मग जेटचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकाचं, बघू.